वाचा-उपचाराचं पदव्युत्तर शिक्षण : कुठं, कसं आणि कशासाठी?



हायवेवरच्या ट्रेलरचे हॉर्न आज आपल्याला सोबत करणार आहेत. कळंबोलीत राहायचं तर ती सवय करून घ्यावीच लागते. मागच्या रांगेत ऐकू आलं नाही तर हात वर करा, संकोच करू नका. आजचा विषयच बोलण्या-ऐकण्याचा आहे.

जाहिरात वाचून काही जणांनी मला विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञान शिकवलंत, हे स्पीच थेरपीचं काय काढलंत?" बरोबर आहे. मी काही वाचा-उपचारतज्ज्ञ नाही. या विषयाकडे मी दोन वाटांनी आलो. पहिली वाट घरातली. सहा वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला. हात-पाय बऱ्यापैकी सुटले, वाचा मात्र गेली. दुसरी वाट गेल्या पावसाळ्यातली. रोडपालीची एक मुलगी माझ्याकडे आली. वाचा व श्रवण या विषयातल्या पदवीचं शेवटचं वर्ष, म्हणजे इंटर्नशिप, चालू होती. हातात तीन कागद होते. एकावर मुंबईतल्या संस्था, दुसऱ्यावर म्हैसूर, तिसऱ्यावर अमेरिकेतली विद्यापीठं. म्हणाली, "सर, पुढचं शिक्षण कुठं घेऊ? सगळे जण रँकिंग बघ म्हणतात."

मी तिला म्हटलं, मला आठ दिवस दे. आठवड्याचे दोन महिने झाले. त्या दोन महिन्यांत मी जे वाचलं आणि माणसांना विचारलं, ते आज तुमच्यासमोर ठेवतो. बराचसा इतिहास आहे. पण अर्ज भरणाऱ्याला त्याचा उपयोग होतो असं माझं मत झालं आहे.

हे शास्त्र नेमकं कशाचं?

मराठीत यासाठी शब्दांची उणीव नाही. लहान मूल 'र'ला 'ल' म्हणतं ते बोबडं. शब्द तोंडात अडकतो तो तोतरा. चारचौघांत बोलताना माणूस चाचरतो. झटक्यानंतर 'वाचा बसली' म्हणतो. उपायही आपल्याकडे होते. वेखंड मधात उगाळून जिभेला लावायचं, नाहीतर जिभेखालचा दोरा कापून घ्यायचा. या उपायांत एक गृहीत धरलेलं आहे, की बोलणं म्हणजे जीभ. जीभ सुटली की बोलणं सुटलं.

आमच्या घरात जे घडलं त्यानं माझं हे गृहीत मोडलं. पत्नीची जीभ उत्तम चालत होती. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की ती शुभंकरोती सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणायची. पाढे म्हणायची, अगदी पावकी-निमकीसुद्धा. पण समोर पाण्याचा तांब्या ठेवून "हे काय?" विचारलं की डोळ्यांत पाणी यायचं. शब्द सापडायचा नाही. उच्चार शाबूत होता, भाषा हरवली होती. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकानं एका रुग्णाचा मेंदू तपासून भाषा जाण्याचा संबंध मेंदूच्या पुढच्या भागाशी जोडला. तिथपासून हे शास्त्र जिभेवरून मेंदूपर्यंत पोचलं. उच्चार वेगळा, आवाज वेगळा, ओघ वेगळा, भाषा वेगळी, गिळणंही वेगळं, आणि या सगळ्यांवर काम करणारा माणूस म्हणजे वाचा-उपचारतज्ज्ञ.

आता घरातलीच दुसरी गोष्ट सांगतो. तपासणीसाठी तिला एका ठिकाणी नेलं. जागेचं नाव सांगत नाही, तिथली माणसं प्रेमळ होती. पण समोर जो चित्रसंच ठेवला तो परदेशी. त्यात बर्फाचं घर होतं, समोशासारखं काहीतरी परदेशी खाणं होतं. ती गप्प राहिली. कागदावर चुकीची खूण पडली. अहो, झटका येण्याआधी दाखवलं असतं तरी तिला ते सांगता आलं नसतं! सातारा जिल्ह्यातल्या बाईनं इग्लू कुठं बघायचं? त्या कागदावर जितकी भाषा गेली असं लिहिलं होतं, तितकी ती गेली नव्हती.

न्यायशास्त्र शिकवताना मी लक्षणाचे दोष सांगायचो. एखाद्या गोष्टीची व्याख्या करताना जे त्यात नाही तेही आत ओढलं, तर अतिव्याप्ती. जे त्यात आहे ते बाहेर राहिलं, तर अव्याप्ती. 'शिंगं असतात ती गाय' म्हटलं तर म्हैसही गाय होते. 'पांढरी असते ती गाय' म्हटलं तर काळी गाय बाहेर जाते. पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, पण त्याची किंमत मला त्या दिवशी त्या खुर्चीत बसून कळली. वाचा-उपचारात अतिव्याप्ती म्हणजे चांगल्या बोलण्याला दोष म्हणणं, आणि अव्याप्ती म्हणजे खऱ्या दोषाला "येईल आपोआप" म्हणून सोडून देणं. या शास्त्राचा इतिहास मला या दोन चुकांमधली ये-जा वाटतो.

व्हिएन्ना आणि आयोवा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात एमिल फ्रोशेल्स नावाचे डॉक्टर होते. त्यांनी या विद्येसाठी 'लोगोपेडिक्स' हा शब्द रूढ केला. ग्रीकमधला 'लोगोस' म्हणजे वाणी, आणि विचारही. दुसरा भाग शिक्षणाचा, मुलाला घडवण्याचा. १९२४ साली व्हिएन्नात या विषयाची आंतरराष्ट्रीय संघटना झाली ती त्यांच्याच पुढाकारानं. पुढं नाझींनी ऑस्ट्रिया घेतला आणि ज्यू असलेल्या फ्रोशेल्सना देश सोडून अमेरिकेत जावं लागलं. युरोपात ही विद्या डॉक्टरांच्या दवाखान्यात वाढली.

अमेरिकेत मात्र ती विद्यापीठात वाढली, आणि हा फरक आजच्या अर्जदाराला महत्त्वाचा आहे. आयोवा विद्यापीठात कार्ल सीशोअर नावाचे मानसशास्त्रज्ञ पदव्युत्तर विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या प्रोत्साहनानं ली ट्रॅव्हिस यांनी १९२४ साली डॉक्टरेट घेतली आणि तिथं वाचा-चिकित्सालय उभं राहिलं. १९२५ मध्ये अमेरिकेतल्या मंडळींची व्यावसायिक संघटना झाली. आज तिलाच आपण 'आशा' म्हणून ओळखतो. पुढं दुसऱ्या महायुद्धातून कान गमावलेले सैनिक परतले, त्यांच्यासाठी श्रवणशास्त्राची वेगळी शाखा निघाली. म्हणून अमेरिकेत आजही वाचेचं शिक्षण वेगळं आणि श्रवणाचं वेगळं. वाचेसाठी मास्टर्स, श्रवणासाठी थेट क्लिनिकल डॉक्टरेट.

पण आयोवाची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती एका पदव्युत्तर विद्यार्थिनीची आहे. ती मी थोडी सविस्तर सांगतो.

वेंडेल जॉन्सन हे तिथले प्राध्यापक. ते स्वतः तोतरे होते. त्यांचं म्हणणं असं, की तोतरेपणा मुलाच्या तोंडात सुरू होत नाही, पालकांच्या कानात सुरू होतो. लहान मुलं अडखळतातच, पण कोणीतरी त्याला 'तोतरा' म्हणतं आणि मग मूल घाबरून खरंच अडकू लागतं. विचार नवा होता, सहानुभूतीचा होता. १९३९ साली त्यांची एक विद्यार्थिनी, मेरी ट्यूडर, हिनं मास्टर्सच्या प्रबंधासाठी यावर प्रयोग केला. डॅव्हनपोर्ट गावच्या अनाथालयातली बावीस मुलं निवडली. त्यांतली काही तोतरी होती, काही नीट बोलणारी. नीट बोलणाऱ्या सहा मुलांना मुद्दाम सांगण्यात आलं, की तुमच्या बोलण्यात दोष आहे, तुम्ही तोतरे होत आहात, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. काही महिने हे चाललं.

ती मुलं खरोखर तोतरी झाली का, यावर पुढं संशोधकांनी शंका घेतली आहे. पण ती बुजली, गप्प झाली, बोलायला भिऊ लागली, हे त्या प्रबंधातच नोंदलेलं आहे. प्रयोग संपल्यावर मेरी ट्यूडर पुन्हा अनाथालयात गेली आणि मुलांची समजूत काढू लागली. उपयोग झाला नाही. प्रबंध छापला गेला नाही, ग्रंथालयात पडून राहिला. २००१ साली वर्तमानपत्रातून तो उजेडात आला, विद्यापीठानं माफी मागितली, आणि २००७ साली आयोवा राज्यानं त्यांतल्या काहींना व त्यांच्या वारसांना मिळून सव्वानऊ लाख डॉलर दिले. तोवर ती मुलं म्हातारी झाली होती, काही वारली होती.

मला यात दोन गोष्टी दिसतात. पहिली ही, की एका तज्ज्ञाचा एक शब्द मुलाच्या आयुष्यभर पुरतो. त्यासाठी काही जॉन्सनचा सिद्धांत खरा असावा लागत नाही. दुसरी ही, की त्या खोलीत त्या मुलांपुढं बसली होती ती विशीतली एक विद्यार्थिनी. मार्गदर्शक नामांकित, विद्यापीठ त्या विषयात देशात पहिलं. आजच्या भाषेत सांगायचं तर रँक एक! तिला 'हे मी करणार नाही' असं म्हणायची सोय होती का? हा प्रश्न मी रोडपालीच्या मुलीला विचारला. ती म्हणाली, "सर, आम्हाला तर मॅडमना शंका विचारायचीही भीती वाटते."

मुंबई आणि म्हैसूर

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत १८८० च्या दशकात बिशप लिओ म्यूरिन यांनी माझगावला मूकबधिर मुलांची शाळा काढली. भारतातल्या पहिल्या अशा शाळांत ती गणली जाते. तिथं बोलायला शिकवणारे होते ते शिक्षक. या कामाची वेगळी पदवी असावी, हा विचार यायला आणखी ऐंशी वर्षं गेली.

१९६६ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या एका वर्षात दोन ठिकाणी सुरुवात झाली. मुंबईत नायर रुग्णालयात वाचा व श्रवण उपचाराचा पदवी अभ्यासक्रम निघाला. म्हैसूरला केंद्र सरकारच्या संस्थेत थेट एम.एस्सी. सुरू झालं. त्या संस्थेचं मूळ नाव 'ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ लोगोपेडिक्स', व्हिएन्नाचा तो शब्द तिथं येऊन पोचला होता. नंतर ते 'स्पीच अँड हिअरिंग' झालं. म्हैसूरला आधी पदव्युत्तर आणि मग १९६८ मध्ये पदवी, असा उलटा क्रम. मला त्यात असं दिसतं, की म्हैसूरला आधी शिक्षक आणि संशोधक हवे होते, मुंबईला ओपीडीतल्या रांगेसाठी हात हवे होते.

नायर रुग्णालयाची परंपरा जरा आठवा. असहकाराच्या काळात, १९२१ साली, सरकारी मदतीशिवाय चालणारं राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय मुंबईत निघालं. डॉक्टर नायर यांनी आपल्या आईच्या, बाई यमुनाबाईंच्या नावानं रुग्णालय दिलं. पुढं टोपीवाल्यांच्या देणगीनं महाविद्यालयाला त्यांचं नाव मिळालं. आज हे सगळं महापालिकेचं आहे. तिथं येणारा रुग्ण म्हणजे मुंबईतला, ठाण्यातला, आपल्या पनवेलमधला सामान्य माणूस. एका सकाळी मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, भोजपुरी, सगळ्या भाषा त्या बाकावर बसलेल्या असतात.

तिसरी संस्था वांद्र्याची. १९८३ साली स्थापन झाली, महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांच्या नावाची. ती केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाखाली येते.

आता या तीन संस्थांचे मालक बघा. म्हैसूर आरोग्य मंत्रालयाचं. वांद्रे सामाजिक न्याय मंत्रालयाचं. नायर महापालिकेचं. मालक वेगळा म्हणजे दृष्टी थोडी वेगळी. एकाकडे शास्त्र आणि संशोधन पुढं येतं, दुसरीकडे अपंगत्वाचा हक्क, पुनर्वसन, साहित्य वाटप, तिसरीकडे रोजची रुग्णांची गर्दी. तिन्ही ठिकाणी तिन्ही गोष्टी थोड्याफार असतात, मान्य. पण दोन वर्षांत विद्यार्थ्याच्या अंगात काय मुरतं, ते या इतिहासावर बरंचसं ठरतं. माहितीपुस्तिकेत हे लिहिलेलं नसतं.

कायद्याचंही थोडं सांगतो. १९९२ साली भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला आणि १९९३ मध्ये ती वैधानिक संस्था झाली. परिषदेनं मान्य केलेली पदवी आणि तिची नोंदणी असल्याशिवाय या क्षेत्रात व्यवसाय करता येत नाही. केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून कुठल्याही संस्थेचा फॉर्म भरण्याआधी, त्या वर्षासाठी त्या अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता आहे का, एवढं स्वतः परिषदेच्या यादीत बघा. एजंटच्या तोंडावर विश्वास ठेवू नका.

आणि एक गंमत, म्हणजे दुःखाचीच. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती. श्रवणदोष होता, पण वाचा-भाषेचं अपंगत्व नव्हतं! कान गेला तर कायदा बघत होता, भाषा गेली तर नाही. २०१६ च्या नव्या कायद्यात यादी एकवीसवर गेली तेव्हा वाचा व भाषा विकलांगता आत आली. एकवीस वर्षं चाललेली ही अव्याप्ती म्हणा हवं तर.

'पानी' म्हणणारं मूल

आता आपल्या गावच्या गोष्टीकडे येतो. कळंबोलीत सिडकोच्या इमारती येण्याआधी इथं कोण होतं? आगरी, कोळी, कराडी मंडळी. आजही रोडपाली, कामोठे, तळोजे या गावांत घरात आगरी बोलतात. आगरीत 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'ल'. 'पाणी'चं 'पानी', 'मासोळी'चं 'मासोली'. असं मूल इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेलं आणि कोणी त्याची उच्चारचाचणी घेतली, तर काय होईल? पुस्तकी मराठीच्या यादीवर दोन ध्वनी चुकले म्हणून खूण होईल. कदाचित थेरपी सुरू होईल. आई-बाप पैसे भरतील. आणि मुलाला कळेल की आपली आजी चुकीचं बोलते.

उलटही होतं. मूल खरोखर 'ळ' काढू शकत नाही, ऐकण्यात दोष आहे, पण तपासणारा म्हणतो, "आगरी आहे, असंच बोलायचं." महत्त्वाची दोन वर्षं वाया जातात.

प्रमाण मराठीतही सापळे आहेत. आपला 'च' दोन प्रकारचा. 'चंद्र' म्हणताना वेगळा, 'चाक' म्हणताना वेगळा. 'जरा थांब' मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा संस्कृत 'जरा' लिहायला एकच, बोलायला दोन. लिपीत फरक नाही म्हणून पुस्तकावरून मराठी शिकलेल्या तज्ज्ञाला तो ऐकू येईलच असं नाही. मराठी मुलाचं 'चाक' त्याला दोष वाटू शकतं.

रोडपालीची ती मुलगी स्वतः आगरी आहे. हे मी बोलत होतो तेव्हा ती हसली. म्हणाली, "सर, पहिल्या वर्षाला वर्गात माझाच उच्चार सुधारला होता सगळ्यांनी." तेव्हा मला वाटलं, या मुलीला आपण काय देणार? तिच्या कानात जे आहे ते कुठल्याच विद्यापीठात शिकवत नाहीत. पण त्या कानाला शास्त्राची शिस्त लागेल अशी जागा तिला शोधायला हवी. आणि ती शिस्त अशी हवी, की कान टिकून राहील.

मग निवडायचं कसं?

आधी रस्ते सांगतो. आपल्याकडे पदवी चार वर्षांची, शेवटचं वर्ष इंटर्नशिप, आणि पदव्युत्तर दोन वर्षांचं. महाराष्ट्रातल्या जागांसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची वेगळी पदव्युत्तर परीक्षा असते. म्हैसूर स्वतःची अखिल भारतीय प्रवेश परीक्षा घेतं. पुण्यात भारती विद्यापीठासारखी अभिमत विद्यापीठं आहेत, त्यांची पद्धत आणि शुल्क दोन्ही वेगळं. तारखा दरवर्षी हलतात, म्हणून मूळ सूचनापत्रकच वाचा.

दुसरा मुद्दा, एकत्र की वेगळं? काही ठिकाणी वाचा आणि श्रवण मिळून एकच पदव्युत्तर पदवी आहे. म्हैसूरला एम.एस्सी. दोन भागांत विभागलं आहे, वाचा-भाषा वेगळं, श्रवण वेगळं. पनवेलसारख्या ठिकाणी स्वतःचा दवाखाना काढायचा असेल, जिथं एकाच माणसाला कानही तपासायचा आणि बोलणंही शिकवायचं, तिथं एकत्र पदवी उपयोगी पडते. झटक्यानंतरची भाषा, स्वमग्नता असल्या एकाच कामात खोल जायचं असेल, शिकवायचं असेल, तर वेगळी पदवी बरी.

अमेरिकेचा रस्ता लांब आहे, पण सरळ आहे. बहुतेक विद्यापीठांचे अर्ज एका सामाईक ऑनलाइन व्यवस्थेतून जातात. गुणपत्रिकांचं मूल्यांकन, इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रं आणि उद्देशपत्र लागतं. जीवशास्त्र, भौतिक किंवा रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, सामाजिक शास्त्र यांतले विषय झालेले हवेत. 'आशा'च्या प्रमाणपत्रासाठी देखरेखीखाली चारशे तासांचं काम, मग राष्ट्रीय परीक्षा, मग साधारण छत्तीस आठवड्यांची फेलोशिप, शिवाय त्या त्या राज्याचा परवाना. आपल्या पुनर्वास परिषदेच्या नोंदणीवर तिथं काम करता येत नाही. आणि तिथून शिकून परत यायचं असेल तर इथं नोंदणी मिळेल का, हे जाण्याआधी लेखी विचारून घ्यावं.

हे झाले रस्ते. आता रँकिंगऐवजी कुठले प्रश्न विचारावेत? आम्ही दोघांनी मिळून चार काढले.

पहिला, तिथं विद्यार्थ्यासमोर रोज किती रुग्ण बसतात, आणि त्या वेळी शिक्षक खोलीत असतात का? तासांचा आकडा वहीत भरता येतो. खोलीत कोण होतं ते सीनियर विद्यार्थीच सांगतात.

दुसरा, तिथले रुग्ण कुठल्या भाषेत बोलतात? म्हैसूर उत्तम आहे, पण तिथल्या ओपीडीत कन्नड ऐकू येणार. ते वाईट नाही. दुसऱ्या भाषेत काम केलं की आपली भाषा स्पष्ट दिसते. पण मग मराठीतलं काम कुठं करणार, हे ठरवून जावं.

तिसरा, चाचण्या कुठल्या वापरतात, आणि त्या आपल्या माणसांना लागू पडतात का असा प्रश्न विचारणारे प्रबंध तिथं झालेत का? ग्रंथालयातल्या प्रबंधांची शीर्षकं वाचली तरी विभागाचा स्वभाव कळतो.

चौथा प्रश्न मेरी ट्यूडरचा. मार्गदर्शकाला 'नाही' म्हणता येतं का? नीतिसमिती कागदावर आहे की बसते? एखाद्या विद्यार्थ्यानं विषय बदलला, तर पुढं त्याचं काय झालं?

उद्देशपत्राबद्दलही बोललो. तिनं लिहिलेलं पहिलं पत्र गोड होतं. लहानपणापासून सेवेची आवड वगैरे. मी म्हटलं, हे खोडून टाक. इंटर्नशिपमध्ये तुझा अंदाज चुकला असा एक रुग्ण सांग. तिनं एका मुलाची गोष्ट लिहिली. त्याला उच्चारदोष आहे असं ती समजली होती, आणि नंतर ऐकण्याच्या चाचणीत कळलं की एका कानानं त्याला कमी ऐकू येतं. दीड पान झालं. तिसऱ्या दिवशी पुन्हा आली आणि म्हणाली, "सर, हे पाठवलं तर मला मूर्ख समजतील." मी म्हटलं, जे तुला यावरून मूर्ख समजतील, तिथं तू जाऊ नकोस.

तिनं काय निवडलं, हे तुम्हाला ऐकायचं असेल. अमेरिकेचा कागद तिनं बाजूला ठेवला. वडील लोखंड बाजारात हिशेब लिहितात, कर्जाचा आकडा बघून ती स्वतःच म्हणाली की आत्ता नको. मुंबई आणि म्हैसूर, दोन्हीकडे फॉर्म भरले. मुंबईत मिळालं तर खांदेश्वरहून हार्बरनं कुर्ला, तिथून दादर, मग मुंबई सेंट्रल असा रोजचा प्रवास. म्हैसूरला मिळालं तर आई एकटी पडते. निकाल अजून यायचा आहे. तिला कुठलं मिळावं असं मला वाटतं, ते मी तिला सांगितलेलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

एक गोष्ट मात्र सांगतो. मागच्या महिन्यात ती घरी आली तेव्हा पत्नीसाठी स्वतः काढलेली चित्रं घेऊन आली. पाटा-वरवंटा, सुपली, एसटीचा डबा, बोंबील वाळत घातलेली वलांडी. पत्नीनं सुपलीवर बोट ठेवलं, बराच वेळ थांबली, आणि म्हणाली, "सूप." मग स्वतःच मान हलवली, "नाही. लहान. सुपली." सहा वर्षांत तिनं स्वतःची चूक स्वतः दुरुस्त केलेली मी पहिल्यांदा ऐकली.

इथं थांबतो. वेळ आहे, दोन-तीन प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : माझ्या नातीला नीटमध्ये गुण कमी पडले. एमबीबीएस नाही तर हे, असं करावं का?*

महाराष्ट्रात या पदवीचे बरेच प्रवेश नीटच्याच गुणांवर होतात, त्यामुळे 'ते नाही तर हे' म्हणून येणारी मुलं पुष्कळ. त्यात पाप नाही. पण नातीला आधी एखाद्या रुग्णालयाच्या वाचा विभागात परवानगी घेऊन एक सकाळ बसवा. एकच शब्द चाळीस वेळा म्हणून घेताना कंटाळा आला, तर तिला ते त्याच दिवशी कळेल. आणि कंटाळा नाही आला, तर तेही कळेल.

*प्रश्न : कर्ज काढून परदेशी जावं का? तिथं पगार चांगला आहे म्हणतात.*

पगार चांगला आहे. पण पदवी घेऊन फेलोशिप आणि परवाना मिळेपर्यंत हप्ता कोण भरणार, हे आधी कागदावर मांडा. व्हिसाचे नियम आपल्या हातात नाहीत. घर गहाण ठेवून मी माझ्या मुलीला पाठवली नसती. शिष्यवृत्ती किंवा विद्यापीठातलं साहाय्यकाचं काम मिळालं असतं, तर आनंदानं पाठवली असती.

*प्रश्न : सर, आगरी भाषेत अशी चाचणी कोणी का करत नाही?*

तुम्ही कुठल्या गावचे? नावडे? मग तुमच्या आईचे शंभर शब्द लिहून काढा आणि माझ्याकडे आणून द्या. त्या मुलीला प्रबंधाला विषय लागणारच आहे.